तत्त्वज्ञान शिकणारी मुले आपल्याला हवी आहेत

बारावीचा निकाल लागला की आपल्या विद्यालयाच्या कार्यालयाबाहेर पालकांची रांग लागते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधतेचे कागद, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी कामे असतात. परंतु खरे काम निराळेच असते. आता पुढे काय, हे कोणीतरी जाणत्याने सांगावे, एवढ्यासाठी ती माणसे लांबून आलेली असतात. पाच वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक ऊसतोड कामगार पालक आमच्यासमोर येऊन बसले. पाचवीपासून वसतिगृहात वाढलेली त्यांची मुलगी कला शाखेत केंद्रात पहिली आली होती. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणते तत्त्वज्ञान शिकायचं, मग पाली. ते शिकून नोकरी कोणती लागते, तेवढं सांगा."

आम्ही त्या वेळी काहीतरी बोललो. पण ते उत्तर नव्हते. विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या पालकांना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा प्रश्न क्षुद्र नाही. ज्या घरात शिक्षणामुळे पहिल्यांदा महिन्याचा पगार आला, त्या घराने शिक्षणाकडे आधी पगाराच्या दृष्टीने पाहावे, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथे येणाऱ्या पहिल्या पिढीच्या डोळ्यांसमोर कारकुनी, मास्तरकी, वकिली अशी ठोस स्वप्ने होती. त्या स्वप्नांनीच गावकुसाबाहेरची घरे उभी केली. पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला ज्ञानासाठी ज्ञान असा उपदेश करू नये, हे आम्ही जाणतो.

आम्ही स्वतः याच काळजीत वाढलो. पदवीच्या पहिल्या वर्षी तर्कशास्त्राचा एक विषय होता. विधान कोणते, अनुमान कोणते, निष्कर्ष कोठे फसला, हे शोधताना आम्हाला प्रथमच असे वाटले की, आपल्या हाती कोणीतरी एक हत्यार दिले आहे. तरीही पुढे आम्ही इतिहास घेतला. कारण तत्त्वज्ञान हा शाळेत शिकविला जाणारा विषय नाही आणि आम्हाला शिक्षक व्हावयाचे होते. इतिहासाने आम्हाला भाकरी दिली आणि दृष्टीही दिली. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

परंतु एका चुकीची कबुली येथे दिली पाहिजे. २००६ च्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याने तत्त्वज्ञान शिकण्याची इच्छा बोलून दाखविली होती. मुलगा हुशार होता, वर्गात अडचणीचे प्रश्न विचारीत असे. आम्ही त्याला जवळ बसवून समजावले की, डी.एड. कर, दोन वर्षांत नोकरी लागेल. त्याने आमचे ऐकले. त्या काळात गावोगाव डी.एड. विद्यालये निघाली, पदविकाधारकांचे लोंढे बाहेर पडले आणि काही वर्षांतच शिक्षकभरती थंडावली. आज तो एका विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर काम करतो. भेटला की पूर्वीसारखाच आदराने जयभीम करतो. एकदाच तो म्हणाला, "सर, नोकरी तशीही लागली नाहीच. मग मला आवडलेलं शिकलो असतो तर?" या प्रश्नाने आम्हाला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. ज्याला आम्ही खात्रीचा मार्ग म्हणत होतो, तो खात्रीचा नव्हता. आणि ज्याला आम्ही चैन म्हणत होतो, ती चैन होती काय, याचा विचारच आम्ही केला नव्हता.

हा विचार करू लागलो की परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे जावे लागते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. ती अस्पृश्यतेमुळे नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, मोजक्या पैशांत, घरी संसार ठेवून गेलेल्या या विद्यार्थ्याने केवळ उपयोगाचे तेवढेच शिकावे, असे कोणीही म्हटले असते. त्यांनी मात्र इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचेही वर्ग केले. जॉन ड्युई यांच्यासारख्या तत्त्वचिंतकाकडून ते शिकले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात ड्युईंचा उल्लेख ते आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने करतात. उतारवयात त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र साहित्याच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. संविधानाचे काम, मंत्रिपद, ढासळलेली प्रकृती या सर्वांच्या गर्दीत हा माणूस पालीचे शब्द जुळवीत बसला होता, हे चित्र आपण आपल्या मुलांना किती वेळा दाखवितो?

१९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली. मध्ये एकवीस वर्षे गेली. ही वर्षे टाळाटाळीची नव्हती. धर्म म्हणजे काय, तो कशासाठी हवा, त्याची कसोटी कोणती, न्याय आणि उपयुक्तता या दृष्टीने तो कोठे टिकतो, या प्रश्नांचा बाबासाहेबांचा शोध या काळात चालू होता. आपले धर्मांतर हा एका दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष आहे. जगात अनेक समाजांनी धर्म बदलले. कोणी राजाच्या आज्ञेने, कोणी व्यापाराच्या संगतीने. आपल्या समाजाच्या वाट्याला मात्र एका विद्वानाने ग्रंथ तपासून, प्रश्न विचारून, पारखून घेतलेला धम्म आला. असा धम्म स्वीकारणाऱ्या समाजात तत्त्वज्ञान आणि धर्म यांचा शिस्तीने अभ्यास करणारे लोक नसतील, तर आपण निष्कर्ष तेवढा घेतला आणि रीत सोडून दिली, असे होईल.

आता विद्यापीठात हा विषय घेतलेल्या मुलाला नेमके काय शिकवितात, हे पालकांना सांगितले पाहिजे. कारण तत्त्वज्ञान म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्रवचन येते. तर्कशास्त्रात युक्तिवाद तपासण्याची रीत शिकवितात. ज्ञानमीमांसेत एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळते, याचा विचार होतो. नीतिशास्त्रात बरे-वाईट ठरविण्याच्या कसोट्या पाहतात. धर्माच्या तत्त्वज्ञानात ईश्वर, आत्मा, दुःख, श्रद्धा या कल्पनांची छाननी होते. भारतीय दर्शनांबरोबर पाश्चात्त्य तत्त्वज्ञान असते. पाली आणि बौद्ध अध्ययनाच्या विभागांत त्रिपिटक, त्यावरील अट्ठकथा, बौद्ध संप्रदायांचा इतिहास हे विषय असतात. पुणे, मुंबई आणि नागपूर या विद्यापीठांत पालीच्या अभ्यासाची सोय आहे. दिल्ली विद्यापीठात १९५७ पासून बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. बिहारमध्ये भिक्खू जगदीश काश्यप यांनी उभारलेले नव नालंदा महाविहार आहे.

एकच उदाहरण देतो. भारतीय दर्शनांत प्रमाणांची चर्चा येते, म्हणजे ज्ञानाची साधने कोणती याची चर्चा. अनेक दर्शनांनी शब्द, म्हणजे आप्तवचन किंवा वेदवचन, हे स्वतंत्र प्रमाण मानले. बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, हे त्यांना मान्य नव्हते. धर्मकीर्तींनी तर बुद्धी जड झाल्याची जी लक्षणे सांगितली, त्यांत वेदप्रामाण्य, जगाचा कर्ता मानणे, स्नानाने पुण्य मिळते असे मानणे यांच्या जोडीला जातीचा गर्वही ठेवला. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा हा विचार. त्यांच्या 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथाची मूळ संस्कृत पोथी भारतातून नाहीशी झाली होती. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांनी ती तिबेटमधून शोधून आणली. आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीने हा ग्रंथ मूळातून वाचला, तर तिच्या हाती जे येईल, त्याची किंमत केवळ पगाराच्या आकड्यात करता येईल काय?

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही दरवर्षी नववीच्या मुलांना लेणी पाहावयास नेतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याची नोंद त्यात आहे. राजे, सेठ, भिक्खू यांच्या दानलेखांच्या शेजारी एका सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकून आहे. मुले तेथे छायाचित्रे काढतात, पण अक्षर एकालाही वाचता येत नाही. आपल्या पूर्वजांचा वारसा आहे, असे आपण सभांतून अभिमानाने सांगतो. तो वारसा ज्या लिपीत आणि ज्या भाषेत लिहिला आहे, ती मात्र आपल्याला दुसऱ्याने वाचून दाखवावी लागते. दुसरा जे वाचील आणि जसे वाचील, तेवढेच आपल्याला कळणार.

याच मराठी भूमीत ही परिस्थिती एका माणसाने बदलून दाखविली होती. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचले आणि त्या ओढीने घर सोडले. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करीत ते पाली शिकले. परत आल्यावर कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात राहिले. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि १९१२ पासून कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. विद्यापीठात एखादा विषय असणे ही आपोआप घडणारी गोष्ट नसते. कोणीतरी त्यासाठी आयुष्य दिलेले असते. ती जागा रिकामी राहिली की हळूहळू बंदही होते. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांतून पाली वगळण्यात आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जाचा उपयोग करून घेणारे विद्यार्थी आपण पाठविणार नसू, तर तो पेढ्यांपुरताच राहील.

आता दुसऱ्या शंकेकडे वळू. काही ज्येष्ठ उपासक आम्हाला म्हणतात, "मुले विद्यापीठात जाऊन नाना मते शिकतील, त्यांची धम्मावरील श्रद्धा ढळेल. विहारात जे शिकवितो, ते काय कमी आहे?" विहाराचे महत्त्व आम्ही कमी मानीत नाही, आम्ही स्वतः वंदना विहारातच शिकलो. परंतु ही भीती आपल्या परंपरेला शोभणारी नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांशी चर्चा करू इच्छितो, तेव्हा नागसेन आधी एक अट घालतात. पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर बोलू. राजासारखी करणार असशील तर नको. पंडितांच्या चर्चेत एकमेकांचे म्हणणे खोडून काढले जाते, चूक मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र जो असहमत होतो, त्याला दंड होतो. मिलिंदाने पंडिताची रीत पत्करली. ग्रीक वंशाच्या या राजाचे नाव बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयाला दिले, यातच सर्व काही आले. आपल्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना आपण राजासारखे उत्तर देणार की पंडितासारखे?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी चार अवघड प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे पारंपरिक कारण पटणारे आहे काय. चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीचा भाग आहेत काय. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावी. आणि भिक्खू निर्माण करण्यामागे तथागतांचा हेतू कोणता. धम्म दिलेल्या माणसानेच हे प्रश्न दिले आहेत. ग्रंथाचे आपण पारायण करतो, पण या चार प्रश्नांवर आपल्या समाजात सत्तर वर्षांत किती जणांनी पाली आणि संस्कृत साधने तपासून लिहिले? ज्यांनी लिहिले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण ते बोटांवर मोजण्याइतके असू नयेत.

अखेरीस व्यवहार. आपण सर्व मुलांना तत्त्वज्ञानाकडे ढकलावे, असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टर, अभियंते, वकील, परिचारिका, तंत्रज्ञ आपल्याला हवेतच. ज्याला मनापासून ओढ आहे आणि ज्याची वाचनाची बैठक आहे, त्यानेच या वाटेला जावे. ही वाट सोपी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. महाविद्यालयांतील कायम जागा थोड्या आहेत, भरती रखडते, अनेक पात्रताधारक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवीत राहतात. म्हणून अशा विद्यार्थ्याने पदवीपासूनच इंग्रजीवर मेहनत घ्यावी, पाली आणि संस्कृत यांपैकी एक भाषा पक्की करावी, पदव्युत्तर शिक्षणाबरोबर नेट किंवा सेटची तयारी ठेवावी. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आजही आहे. कायदा, पत्रकारिता, भाषांतर, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये या क्षेत्रांत नीट विचार करणाऱ्या आणि नीट लिहिणाऱ्या माणसाला मागणी असते. खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी जाण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे आपल्या मुलाने परदेशी विद्यापीठात जाऊन आपल्याच समाजाचा आणि धर्माचा अभ्यास करावयाचा म्हटले, तर ही शिष्यवृत्ती त्याला मिळणार नाही. ज्या शिक्षणाने बाबासाहेब घडले, त्याच शिक्षणाची वाट त्यांच्या लेकरांसाठी अरुंद होत आहे. याविरुद्ध आवाज उठविला पाहिजे. आणि तोपर्यंत हात बांधून न बसता समाजाने स्वतःच्या बळावर काही केले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, या वर्षीच्या मेळाव्यात सभामंडप आणि भोजन यांवरील खर्चातून काही रक्कम बाजूला काढावी आणि दरवर्षी किमान एका विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान, पाली किंवा बौद्ध अध्ययन यांसाठी पदवीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत आधार द्यावा. विद्यालयानेही आठवड्यातून एक तास ब्राह्मी लिपी आणि प्राथमिक पालीसाठी ठेवावा. तो तास आम्ही निवृत्तीनंतरही विनावेतन घेऊ.

त्या ऊसतोड कामगार पालकांना आम्ही तेव्हा शेवटी एवढेच म्हणालो होतो की, तीन वर्षे तिला शिकू द्या, फीची काळजी आम्ही काही जण मिळून करू. ती मुलगी आता पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोकरी लागलेली नाही; ते आम्ही लपवीत नाही. गेल्या बुद्धपौर्णिमेला ती गावी आली असता विहारात तिने विचारले, "आत्मा नसेल तर पुनर्जन्म नेमका कशाचा?" ज्येष्ठांपैकी एक जण चिडून म्हणाले, "सणाच्या दिवशी हे कशाला?" तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेले तिचे वडील उभे राहिले. ते म्हणाले, "बोलू द्या तिला. बाबासाहेबांनीच विचारलंय ते, पुस्तकात पहिल्यालाच आहे. तिनं मला वाचून दाखवलंय."

पाच वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच शोधलेले दिसते. आपण बाकीच्यांनीही ते शोधावे, एवढीच या निमित्ताने विनंती.

सर्वांना सप्रेम जयभीम, नमो बुद्धाय.